चार दिवसांच्या नोंदी

९ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ. वि. वि.

काल सभेत नावाडी उभा राहिला, बोलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला. म्हणून हे पत्र. फोन पुन्हा सुरू झालेत हे मला माहीत आहे, पण फोनवर मी बोलत नाही, वर्गावर ओरडल्यासारखी ओरडते, असं तूच म्हणतेस. शिवाय हे कागदावर असलेलं बरं.

सभा तुझ्या विद्यापीठाचीच होती. शाळेची इमारत गेली, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये बाकं मांडली होती. तुझ्या हाताखाली संशोधन करणारी ती चष्मेवाली नकाशा लावून समजावत होती. मुलगी चांगली आहे, आवाज मात्र तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. तिने सांगितलं की पुलाच्या खांबावरच्या मोजपट्टीनुसार यंदा पाणी अकरा मीटर चाळीसपर्यंत चढलं, आणि नोंदवहीत याहून मोठा पूर नाही. त्याआधीचा मोठा पूर एकतीस वर्षांपूर्वीचा, अकरा मीटर दहा. म्हणून नव्या शाळेचं जोतं यंदाच्या पाण्याच्या पंचेचाळीस सेंटिमीटर वर घ्यायचं, की पोरं सुरक्षित.

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नावाडी उठला आणि म्हणाला, तेव्हाचा पूर यंदापेक्षा हातभर मोठा होता. चष्मेवालीने अगदी अदबीने विचारलं, आजोबा, काही पुरावा, एखादी खूण? तो म्हणाला, खूण नाही, डोळे होते. मागून कुणीतरी बोललं की म्हाताऱ्यांच्या आठवणीतले सगळेच पूर मोठे असतात. हशा झाला. तो हसला नाही. माझ्याकडे बघितलं आणि बसला.

माझं म्हणणं एवढंच की जुना आकडा एकदा पुन्हा तपासून बघ. का, ते विचारू नकोस.

बाकी ठीक. खालच्या खोल्यांतला चिखल काढून झाला, वास राहिला आहे. तुझी चौदा मुलं-मुली रोज विहिरी उपसतात, पाण्याच्या बाटल्या भरून तपासायला पाठवतात आणि संध्याकाळी दारोदार एक छापील कागद घेऊन फिरतात. त्यात प्रश्न आहे, पूर आल्यावर तुमच्या मनात पहिली भावना कोणती आली? पुढे पाच चौकटी. मी चौकटीबाहेर 'चिखल' असं लिहून दिलं.

शाळेची आखणी सुरू होईल तेव्हा महिनाभर येऊन राहीन म्हणाली होतीस. माडीवरची खोली कोरडी आहे. खिडकीजवळच्या खाटेवरची गादी तीनदा उन्हात घातली. सहा वर्षांपूर्वी आलीस ती हे गेले म्हणून रडायला. आता कामाला ये. कामाच्या माणसांशी माझं जास्त पटतं.

लोभ आहेच, तो टिकवायचा असेल तर उत्तर वेळेवर धाड.
ताई


१४ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचा तुझा पत्ता बघूनच मी ताठ बसले. आमच्या पूर पुनर्वसन केंद्रातला शिपाई म्हणाला, मॅडम, निकाल आला का? पन्नाशीची झाले तरी तुझं अक्षर दिसलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

नावाडीबाबांना माझा नमस्कार सांग. चष्मेवालीने त्यांचं म्हणणं टिपून ठेवलं आहे, आणि लोक हसले याचं तिलाच जास्त लागलं. पण ताई, त्या आकड्याचं तपासायचं काय? साऱ्या नदीवर मला खात्रीचा वाटणारा तोच तर एक आकडा आहे. आम्ही वरपासून खालपर्यंत नऊ ठिकाणच्या जुन्या वह्या काढल्या. आठ ठिकाणी पाणी मोजणाऱ्यांनी घरी पांघरुणात बसून नोंदी केल्यात हे शेंबडं पोरही ओळखेल, सगळे आकडे गोल. फक्त भावोजींची वही तशी नाही. सात सेंटिमीटर तर सात, तेरा तर तेरा. माझे विद्यार्थी त्याला 'ती वही' म्हणतात, दुसरं नाव लागत नाही.

खरं सांगू, आजकाल त्यांची फार आठवण येते. नोंदींतून त्यांचा आडवी रेघ मारलेला सात दिसला की मी थांबते. तू मला वाढवलंस, पण नदी वाचायला त्यांनी शिकवली. पुलाच्या कठड्याला पोट लावून उभं करायचे आणि म्हणायचे, पाणी हलतंय, तू हलू नकोस, दोन लाटांच्या मधला आकडा घे. आणि त्या पुरात पलीकडच्या तीरावरच्या गोदामात आम्ही वसतिगृहाच्या मुली कोंबलेल्या होतो, तेव्हा दारात उभे राहिलेले ते मला अजून दिसतात. चपला नव्हत्या, सदरा अंगाला चिकटलेला. पहिला प्रश्न, जेवलीस का? मी विचारलं, पाणी कोण मोजतंय? तर म्हणाले, दोन नोंदींच्या मध्ये थोडा वेळ होता, म्हटलं तुला घेऊन यावं. असं बोलले, जणू कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला निघाले होते.

म्हणून एक ठरवलं आहे. नव्या शाळेच्या आवारात आम्ही पुराच्या खुणांचा दगडी स्तंभ उभारणार. प्रत्येक पुराचं पाणी कुठवर आलं ते पोरांनी रोज बघावं. त्यावर भावोजींचं नाव घालायचं. समितीपुढे पंधरा ऑक्टोबरला आराखडा जाईल, सोळाला मी निघते आणि पूर्ण महिना राहते. त्यांच्या घरच्या वह्या माडीवरच्या पेटीत असतील ना? त्या काढून ठेव. कचेरीतली प्रत आमच्याकडे आहे, मूळ बघायची आहे.

मला खिडकीजवळची खाट नको, तुझ्या शेजारी टाक. घोरशील तर घोर.

तुझ्या रागालाही मी लोभच समजते, तेव्हा दोन्ही असू दे.
टाचणी


१८ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. स्तंभ उभारू नकोस. निदान नाव घालू नकोस. यांना आपलं नाव दाराच्या पाटीवर लावलेलंसुद्धा आवडत नसे, मी लावली म्हणून राहिली.

वह्या पेटीत आहेत, चौतीस. वर होत्या म्हणून वाचल्या. पेटी उघडली नाही.

तुझी मुलं काल आपल्या घरी आली होती. भिंतीवरची यंदाच्या पाण्याची रेघ मोजली, तिच्याशेजारी निळा रंग लावला आणि ही पुसू नका म्हणून बजावून गेली. मी म्हटलं, चाळीस वर्षं फळा पुसला, भिंत पुसायची हौस उरलेली नाही. त्यांच्यातल्या दोघी आता दुपारी माझ्याकडे चहाला येतात. अहवालाचं पहिलं पान मला दाखवलं. एका वाक्यात चार क्रियापदं. लाल पेन घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर सात जणं रांगेत. तुमच्या विद्यापीठात मुलांना पूर शिकवता, पूर्णविराम कोण शिकवतं?

आता कामाचं. मी आकडा तपास म्हटलं, तू मला वहीची थोरवी सांगितलीस. तर मीच सांगते. यंदा आपल्या जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी आलं. त्या साली आठव्या पायरीपर्यंत आलं होतं. पुलाच्या पट्टीवर साडेदहा मीटर झाले की आपला उंबरा बुडतो आणि पाणी पहिल्या पायरीला टेकतं, हे तुला यांनीच शिकवलं होतं. पायरीची उंची अठरा सेंटिमीटर. गणित कर.

आशीर्वाद आहेतच. गणित केल्यावर पुन्हा लिही.
ताई


२२ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

गणित केलं. पाच पायऱ्यांचे नव्वद, म्हणजे अकरा चाळीस, यंदाचा आकडा बरोबर जुळतो. आठ पायऱ्यांचे एकशे चव्वेचाळीस, म्हणजे अकरा चौऱ्याण्णव. नव्या शाळेचं जोतं आम्ही अकरा पंच्याऐंशीवर धरलं आहे. तू म्हणतेस ते खरं असेल, तर तसा पूर पुन्हा आल्यावर वर्गात नऊ सेंटिमीटर पाणी उभं राहील. नऊ सेंटिमीटर ऐकायला काही नाही, पण त्याच्या आधी सगळ्या वाटा बुडालेल्या असतील. 'शाळेत सुरक्षित आहेत' म्हणून लोकांनी पोरं तिथेच ठेवलेली असतील.

पण तुला आठवी पायरी कशी माहीत? तेव्हा तू टेकडीवरच्या कॉलेजात आसऱ्याला होतीस. ही गोष्ट तूच मला किती वेळा सांगितलीस, सतरंज्या कमी पडल्या, तू लोकांना रांगा लावायला लावल्यास. मग जिना कुणी बघितला? भावोजींनी बघितला असेल तर त्यांनी अकरा दहा का लिहिलं? तुझ्या आठवणीत दोन पूर एकमेकांत मिसळले असतील तर तसं सांग, त्यात कमीपणा नाही. नाहीतर तू असं म्हणते आहेस की त्या माणसाने खोटं लिहिलं. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

चष्मेवाली पुन्हा नावाडीबाबांकडे गेली होती. ते म्हणाले, मी शब्द दिलाय, बाईंना विचारा. कसला शब्द, ताई?

समितीला काही सांगायचं तर मला आधार लागेल. नुसतं 'माझी ताई म्हणते' चालत नाही, आणि माझी ताई आहे म्हणून तर मुळीच चालत नाही.

रागावून लिहिलं आहे. लोभ कमी झालेला नाही, आवाज चढला आहे एवढंच.
टाचणी


२५ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ. वि. वि.

यांनी खोटं लिहिलं नाही. मी लिहिलं.

आता क्रमाने वाच आणि मध्येच रडत बसू नकोस.

पाणी चढायला लागलं त्या दिवशी पुलापलीकडचा रस्ता आधी बुडाला. सकाळी पलीकडून शेवटची होडी आली, तिच्याबरोबर निरोप आला की तुमच्या वसतिगृहाची खालची भिंत कोसळली आणि मुलींचा पत्ता नाही. हे पुलावर होते. मी जाऊन सांगितलं. यांनी पट्टीकडे बघितलं, वहीत नोंद केली, वही माझ्या हातात दिली आणि नावाड्याला शोधायला गेले. पूर असताना दर तीन तासांनी नोंद, जागा सोडायची नाही, सोडली तर नोकरी गेली, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. त्याच्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. दोन नोंदींच्या मध्ये थोडा वेळ होता म्हणून आले, असं त्यांनी तुला सांगितलं. टाचणी, ते चार दिवस तुला शोधत होते. सात ठिकाणं पालथी घातली. गोदाम आठवं.

मी टेकडीवर गेले नाही. पहिल्या दिवशी पुलापर्यंत जाता येत होतं, तिथल्या नोंदी डोळ्यांनी बघून केल्या. नंतर रस्ता बुडाला, मग उंबरा. मी वही घेऊन जिन्यावर बसले. पाणी एक पायरी वर आलं की मी एक पायरी वर सरके. नवव्या पायरीवर बसले होते तेव्हा ते थांबलं. साडेदहा अधिक आठ गुणिले अठरा. उत्तर मला तेव्हाच आलं होतं, अकरा चौऱ्याण्णव. गणित बरोबर होतं.

पण आकडा साडेअकराच्या वर गेला की पूर ओसरल्यावर साहेब जातीने तपासायला येत. वही बघत, शेजाऱ्यांना विचारत की माणूस कुठे उभा होता, कधी आला, कधी गेला. साहेब आले असते तर हे चार दिवस पुलावर नव्हते, ते पहिल्याच घरी कळलं असतं. म्हणून मी लहान आकडा लिहिला. अकरा दहापर्यंत नेला, तिथे थोडा थांबवला आणि हळूहळू उतरवला. आकडेच तर होते, यांचा सात मला येत होता. तुम्हा विद्वानांना त्या नोंदी खऱ्या वाटतात, कारण गोल आकडे लिहायचे नाहीत एवढं गणित मला कळत होतं.

तारा तुटलेल्या होत्या. मी खरं लिहिलं असतं तरी तेव्हा कुठे निरोप जाणार नव्हता, कुणाचा जीव वाचला नसता. ही मी स्वतःला रोज दिलेली सूट आहे. तूही देऊन बघ, फार दिवस पुरत नाही.

चौथ्या दिवशी तुला घेऊन हे आले. तू झोपलीस, सोळा तास झोपलीस. यांनी जिन्यावरचा ओला चिखल बघितला, वही बघितली. म्हणाले, हे दुरुस्त करतो. मी म्हटलं, केलंत तर घर सोडून जाईन. असं मी आयुष्यात एकदाच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी जिना घासून धुतला, आणि टेकडीवरची गोष्ट रचली. सतरंज्यांची सुद्धा. नावाड्याकडून यांनी शब्द घेतला. तो त्याने एकतीस वर्षं पाळला, परवा भर सभेत हसं झालं तरी पाळला.

त्यानंतर यांनी निवृत्तीपर्यंत एक नोंद चुकवली नाही. अंगात ताप असला तरी छत्री घेऊन निघत. लोक म्हणत, केवढा इमानी माणूस. मला ठाऊक होतं, तो चार दिवस फेडत होता, आणि ते माझे चार दिवस होते. पूर ओसरलेल्या तारखेला दरवर्षी ते ती वही काढून बसत. मी स्वयंपाकघरातून बघत असे. काही लिहीत नसत. मिटून ठेवत.

ते गेल्यावर मला वाटलं, आता हा आकडा माझ्याबरोबर जाईल, नदीला कशाला हवा. माझ्या डोक्यात शाळा आली नाही. त्या आकड्यावर कुणी पोरांचे वर्ग उभे करील हे आलं नाही. तुझ्या चष्मेवालीने काठीने नकाशावर जोतं दाखवलं तेव्हा आलं.

यातलं तुला जे करायचं ते कर. यांचं नाव स्तंभावरून काढ, माझं कुठे घालायचं ते समितीने ठरवावं. पण जोतं वर ने.

लोभ ठेव असं या पत्राच्या शेवटी लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, ते तू ठरव.
ताई


२ ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी कळलं की रागावायला दुसरं कुणी मिळत नाही म्हणून तुझ्यावर रागावले आहे.

तीस वर्षं मी लोकांच्या वह्यांतली लबाडी शोधते. पाण्याचा वेग, काठांची रुंदी, पाऊस, सगळं एकमेकांशी ताडून बघते. आणि एक माणूस फुगलेली नदी ओलांडून माझ्यासाठी येतो आणि त्याच दिवसांच्या नोंदी रोज आठही वेळा पुऱ्या असतात, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी बसून होत्या. मी त्यांची ओळख करून दिली नाही. चपला नव्हत्या हे मला आठवतं. पाय कसे होते ते मी बघितलंच नाही. काल तेच सारखं आठवायचा प्रयत्न करत होते, पाय आठवत नाहीत.

ज्या आकड्याला मी साऱ्या नदीवर खात्रीचा म्हणत होते, तो खोटा माझ्यामुळेच निघाला. मी हे सकाळी आरशापुढे मोठ्याने म्हणून बघितलं. म्हणता येतं, पण नंतर दात घासायचे राहून जातात.

आता काय झालं ते सांगते. मी पत्र घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, तुमच्या बहिणीला आमच्याकडे शिकवायला पाठवा. मग नियम सांगितला. साक्षीदार माझी सख्खी बहीण, चूक माझ्या भावोजींच्या वहीतली, कारण मी स्वतः. या कामातून मला बाजूला व्हावं लागेल. मी नुसतं सही न करणं पुरणार नाही. समितीचा निर्णय होईपर्यंत तिकडे यायचं नाही, मोजमापाच्या जवळपास फिरकायचं नाही. आकडा बदलल्यामुळे नऊही ठिकाणचं गणित पुन्हा होईल. पुढचा उन्हाळा तरी जाईल असं दिसतं.

म्हणजे सोळा तारखेला मी येत नाही.

माझ्या जागी आमचे मातीचे प्राध्यापक येतील. स्वभावाने तुझ्यासारखे आहेत, म्हणजे गोड नाहीत, पण मोजतात ते चोख. त्यांना वह्या दे, जिना दाखव, तुझं म्हणणं लिहून दे. नावाडीबाबांना सांग की शब्दातून मोकळे झाले.

एक विचारू? तुला दुसरंही करता आलं असतं. रंगाच्या थराखाली जुनी खूण सापडली, एवढं लिहिलं असतंस तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. जोतं वर गेलं असतं, भावोजींचं नाव राहिलं असतं, मी सोळाला बॅग घेऊन दारात असते. पाच दिवसांत हा विचार माझ्या मनात कितीदा आला, ते सांगायची लाज वाटते. तुझ्या मनात आला नाही का? तू गादीला तीनदा ऊन दाखवलंस, आणि मी येऊ नये याची सोयही तूच लावलीस.

मला यायचं होतं, ताई. खूप यायचं होतं.

हक्काचं विचारलंस. माझ्यावर हक्क सांगायला तुझ्याशिवाय आता उरलंय कोण?
टाचणी


९ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ. वि. वि.

आला होता विचार. एक पूर्ण दुपार होता. पेन्सिल घेऊन जिन्यापाशी गेलेही. पण खोटी खूण एकदा करून बघितली आहे, तिचा सांभाळ किती करावा लागतो ते मला माहीत आहे. तुझ्यासाठी केलेलं एक पुरे.

तुझे मातीचे प्राध्यापक येऊन गेले. तीन दिवस होते. चहा बिनसाखरेचा घेतात आणि आभार मानत नाहीत, त्यामुळे आमचं जमलं. उपकरण लावून त्यांनी जिना पायरी-पायरीने मोजला. सगळ्या पायऱ्या अठराच्या नाहीत, सातवी सोळाच निघाली. म्हणजे पाणी अकरा ब्याण्णवपर्यंत आलं होतं. इतकी वर्षं मी दोन सेंटिमीटर जास्तीचे बाळगत होते. आठव्या पायरीच्या फटीत जुन्या गाळाचा थर सापडला. मी घासलं होतं, पण फटीत माझा ब्रश पोचला नव्हता. तो त्यांनी चिमट्याने काढून बाटलीत भरला. म्हणाले, आधार मिळाला. मीही पहिल्यांदाच माझ्या कच्च्या कामावर खूश झाले.

प्राध्यापक म्हणाले, शाळा खालच्या मैदानावर होणार नाही. वरच्या माळावर नेतील, नाहीतर खांबांवर साडेबारा मीटरला उचलतील. दोन्ही आराखडे तुझी मुलं करत आहेत. पूर्णविरामांसकट.

गावात बातमी एका दिवसात फिरली. पाण्याच्या टँकरच्या रांगेत दोघी बोलायच्या थांबल्या. औषधाच्या दुकानातला माझा जुना विद्यार्थी गोळ्या मोजता मोजता म्हणाला, बाई, अर्ध्या मार्कासाठी तुम्ही आमचे कान पिळले होते. मी म्हटलं, पिळले होते, आणि आता माझा पुढे करते. त्याने पिळला नाही, पण हसलाही नाही. ठीक आहे. यांच्याबद्दल मात्र कुणी वेडंवाकडं बोललं नाही. नावाड्याने प्राध्यापकांपुढे बसून सगळं सांगितलं, चार दिवस, सात ठिकाणं, आणि परतताना तू होडीत कशी नदीकडे पाठ करून बसली होतीस ते. मला ते माहीत नव्हतं. घरी जाताना म्हणाला, बाई, हलकं वाटतंय, आता मरायला हरकत नाही. मी म्हटलं, शाळा झाल्याशिवाय मरू नकोस, उंची बरोबर आहे की नाही ते सांगायला कुणीतरी लागेल.

तुझ्या चष्मेवालीने जाताना माझ्या पायाला हात लावला. पोरीचा हात गार होता. मी तिला आवाज पोटातून काढायला सांगितला.

माडीवरची गादी गुंडाळून ठेवणार होते. ठेवली नाही. दुपारी मी तिथे बसते. खिडकीतून नदी दिसते, आता खाली गेली आहे, पुलाच्या पट्टीवर पावणेचार असतील. अंदाजाने नाही, काल जाऊन बघून आले. हे कसे त्या कठड्याला टेकत ते आठवलं आणि तशीच उभी राहिले. पाणी हलत होतं. मी हलले नाही.

उन्हाळा जायचा असेल तर जाऊ दे. तू तुझं काम नीट कर.

प्राध्यापकांनी दिलेल्या पावतीची नक्कल खाली उतरवली आहे. मूळ माझ्याकडे आहे. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं ते त्यांनी एक शब्दही न बदलता लिहिलं.

तुझा लोभ मी गृहीत धरते. या घरात गृहीत धरण्यासारखं तेवढंच उरलं आहे.
ताई

*

ताब्यात दिल्याची नोंद (नक्कल)

दिनांक ८ ऑक्टोबर. देणार: निरीक्षकांची पत्नी, निवृत्त शिक्षिका. घेणार: विद्यापीठाच्या पूर पुनर्वसन केंद्रातर्फे मृदाशास्त्राचे प्राध्यापक.

नदीच्या पाणीपातळीच्या घरच्या वह्या, नग चौतीस. सर्व कोरड्या. सत्ताविसाव्या वहीचा मागचा पुठ्ठा सुटा.

देणाऱ्यांचं स्वहस्ते लिहिलेलं निवेदन, पानं तीन. प्रत्येक पानावर सही.

नावाड्याचा जबाब, पानं दोन. वाचून दाखवला, मान्य.

आठव्या पायरीच्या फटीतला गाळ, बाटली एक, मोहोरबंद.

शेरा: वही चौदावी, पुराचे चार दिवस. निघण्यापूर्वीची पहिली नोंद निरीक्षकांची. पुढच्या सर्व नोंदी त्यांच्या नाहीत, त्यांच्या पत्नीने केल्या. त्यांपैकी उंबरा बुडाल्यानंतरच्या नोंदी खोट्या, रद्द समजाव्यात. त्या काळात निरीक्षक जागेवर हजर नव्हते. कारण: बायकोच्या धाकट्या बहिणीला आणायला गेले होते. आणली.